मागितलेला विस्तव

"पिवळा डबा कुठं ठेवलाईस?"

मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. मागं वळून न बघताही मला कळलं, की हे कुठला डबा विचारतायत आणि कशाला विचारतायत. परातीतली भाकरी मधोमध फाटली.

"कुठला पिवळा?" मी म्हणाले. वेळ काढायचा असला की बाईमाणसानं विचारायचा प्रश्न.

"रतन, उगं नाटक नको. मेळाव्याला उशीर हुतोय."

डबा बाजरीच्या कणगीत होता. त्यात माझ्या म्हशीच्या दुधाचे साठवलेले पैसे होते. म्हैस माझी, तिच्या लाथा माझ्या, डेअरीच्या रांगेत उभं राहणं माझं, आणि पैसे मयूरीचे. पोरीची बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. जूनमध्ये तिला कराडला फार्मसीला घालायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तिनं आणि मी ठरवलं होतं. ह्यांनी नुसती मान हलवली होती, पण आमच्या घरात मान हलवणं म्हणजे सहीच.

"ते मयूरीचं हाय," मी म्हणाले.

"मला म्हाईत हाय कुणाचं हाय ते. जूनला अजून अवकाश हाय. तवर कायतरी हुईल."

"काय हुईल?"

कणगीचं झाकण वाजलं, मग डब्याचं. मी उंडा पुन्हा मळायला घेतला. मळत राहिले, मळत राहिले. हे माझ्यासमोरून गेले तेव्हा परीटघडीच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा फुगलेला होता, जसा तोंडात आख्खा लाडू घातलेल्या पोराचा गाल फुगतो तसा.

"आईच्या नावाचं देनं हाय," उंबऱ्यात थांबून ते म्हणाले. "यंदा मोडलं तर गाव काय म्हनंल?"

"गावाला काय म्हनायचं ते म्हनू दे."

"तुला काय जातंय म्हनायला," ते म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

आमचं गाव गलाईवाल्यांचं. इकडं पाऊस आला तर आला, म्हणून तीन पिढ्यांपासून पोरगं मिसरूड फुटायच्या आत बाहेर पडतं. कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी थेट बंगालात. तिथल्या सराफकट्ट्यावर एक खोली घ्यायची, भट्टी लावायची आणि जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. वर्षभर गावात म्हातारी माणसं, मोठाल्या बंगल्यांची कुलपं आणि कुत्री. चैत्रात भैरोबाची यात्रा आली, की सगळ्या हिंदुस्थानातून गाड्या भरून माणसं येतात आणि एकमेकांना 'काय, बरं हाय न्हवं?' विचारतात. त्यावर 'बरं हाय' याखेरीज दुसरं उत्तर द्यायचं नसतं.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. शाळा बारावीपर्यंत आहे. बारावीनंतर ज्यांना शिकायचंय पण घरून झेपत नाही, अशा पोरांचा खर्च ह्या मेळाव्यातून निघायचा. माईकवरून एकेकाच्या नावाची हाक व्हायची. हाक झालेला माणूस जागेवर उठायचा आणि म्हणायचा, "एक मूल," नाहीतर "दोन मुलं". तेवढ्या मुलांचं वर्ष त्यानं उचललं. बसायचं. स्टेजवरच्या मुली त्याला नारळ नेऊन द्यायच्या. संपलं.

पहिली हाक दर वर्षी ह्यांची, कारण मेळावा सुरू झाला त्या पहिल्या वर्षी सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलेले असताना हेच पहिले उठले होते. "माझ्या आईच्या नावानं दोन मुलं." आणि त्याच वेळी त्यांनी एक अट घातली होती. देणाऱ्यानं उठावं, घेणाऱ्याला कधी उभं करू नये. पोर कुणाचं, ते निवड करणाऱ्या तिघांनाच ठाऊक असावं. गावाला ते फार आवडलं. तिघांत एक हेडमास्तर, एक जंगम सर आणि तिसरे हेच.

आता हीच अट माझ्या गळ्याशी आली होती.

कारण आमचं दुकान बंद झालं होतं. रामनाथपुरात आमच्या गावचं दुसरं दुकान नव्हतं, म्हणून इकडं कुणाला पत्ता नव्हता. कुणीतरी चोरीचे दागिने आणून विकले, ह्यांनी सरळ मनानं घेतले, वितळवले. महिन्यानं पोलीस चोराला घेऊन दारात. गुन्हा ह्यांच्यावर राहिला नाही, पण तेवढं सोनं भरून द्यावं लागलं, आणि वीस-बावीस वर्षांचं दुकान त्यात गेलं. दिवाळीला हे एक ट्रंक घेऊन आले. गावात सांगितलं, "छातीत तेजाबाचा धूर बसलाय, डॉक्टरनं विश्रांती सांगितलीया. दुकानावर मानूस ठेवलाय." तेव्हापासून तो माणूस आमच्या घरात राहायला आल्यासारखाच होता. कुणी त्याची चौकशी केली, की मी त्याच्यासाठीही खोटं बोलायचे.

सरांना गुपचूप सांगून पोरीचं नाव घालावं, तर तिसऱ्या खुर्चीत तिचा बापच बसणार. आणि न घालावं, तर डब्यातलं कुणा दुसऱ्याच्या पोरासाठी निघालेलं.

भाकऱ्या झाकून ठेवल्या आणि मी लुगडं बदलून शाळेकडं निघाले. बायका सहसा अर्ध्या कार्यक्रमाला जायच्या, चिवडा वाटायच्या वेळेला. त्या दिवशी मी चालले नाही, पळाले.

मांडवाच्या मागं जंगम सर माईकवाल्याशी भांडत होते. सरांनी मला आठवीत मराठी शिकवलं होतं. मी ह्यांच्या मामाची मुलगी. माझ्या माहेरी शाळा चौथीपर्यंतच, म्हणून आत्याकडं राहून ह्याच शाळेत शिकले. नववीपर्यंत ह्यांना मी "ए सर्जा" अशी हाक मारायचे, बैलाला मारावी तशी. नववीनंतर लग्न झालं आणि एका रात्रीत सर्जाचे 'अहो' झाले. शाळा सुटली ती सुटलीच. पुढं जे काय वाचलं ते वाण्याच्या पुडीच्या कागदापासून मयूरीच्या पुस्तकांपर्यंत, आपलं आपण. माजी विद्यार्थी म्हणजे दहावी झालेला असा नियम असल्यामुळं माझं नाव मेळाव्यात कुठंच नव्हतं.

"सर, यंदा ह्यांचं नाव पयलं नका घेऊ."

"मग कधी घेऊ?"

"घेऊच नका."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "तब्येत?"

"तब्येत बरी हाय."

"रतन, तू आठवीत असतानाही असंच अर्धं उत्तर लिहून पेपर द्यायचीस. पूर्ण सांग."

पूर्ण उत्तर जिभेवर आलं होतं. तेवढ्यात हेडमास्तर शेजारी येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या मागं पंचायतीचे दोघे.

"उन्हात बसवत न्हाई त्यास्नी," मी म्हणाले.

"एवढंच ना? मग पहिलंच घेतो. म्हणजे लवकर मोकळा होईल बिचारा," सर म्हणाले, आणि माईकवर फुंकर मारायला गेले.

एखादी गोष्ट थांबवायला जावं आणि तिला हातानं ढकलून यावं, असं माझ्या हातून स्वयंपाकघराबाहेर प्रथमच झालं.

परत येताना बजरंग शेठ आडवा आला. शेठ आता झाला. पंधराव्या वर्षी ह्यांनीच त्याला रामनाथपुरात नेऊन भट्टीवर बसवला होता. त्याआधी गावात माझ्या हातच्या भाकरी खाऊन वाढलेला. आता कालिकतला त्याची तीन दुकानं होती. गळ्यात साखळी, पण वाकून पाया पडायची सवय गेली नव्हती.

"वैनी, सर्जाभाऊ बारीक दिसत्यात."

"ऊन हाय."

"दुकान कोन बघतंय?"

"हाय एक मानूस."

"मानूस बरा हाय न्हवं?"

"बरा हाय," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच पत्र्यासारखा वाटला.

बजरंगनं गळ्यातली साखळी सारखी केली. मग विषय बदलावा तसा हसला. "वैनी, माझी पयली भट्टी ठाऊक हाय न्हवं? भाऊनं स्वतःच्या भट्टीतला विस्तव दिलता, बिस्किटाच्या डब्यात, राखंत पुरून. म्हनले, कालिकतला ह्याच्यावरच पेटव. मी मांडीवर डबा घिऊन आगगाडीत बसलो. मांडी भाजली. शेजारचा मद्रासी म्हनतोय, पोळी लपवलीस का रं? आन् पोदनूर टेसनात बगतोय तर विजला!"

"मग?"

"मग काय! काडेपेटी. पर भाऊला आजवर सांगितलं न्हाई. तुमी बी सांगू नका."

मला हसू आलं, आणि त्याचंच आश्चर्य वाटलं.

ही गलाईवाल्यांची जुनी रीत. नवा माणूस पहिली भट्टी आपल्या उस्तादाच्या विस्तवावर पेटवतो. आणि कुणाची भट्टी गार पडली, तर त्यानं दुसऱ्याच्या दारात जाऊन फक्त 'विस्तव पाहिजे' म्हणायचं. समोरच्यानं का आणि कसं विचारायचं नाही. देणाऱ्यानं कुठं बोलायचं नाही. नेणाऱ्यानं त्याला परत फेडायचं नाही, पुढच्या कुणाला तरी द्यायचं. दुकानांच्या कितीतरी गोष्टी मी ऐकल्यात, पण अमुक माणसानं विस्तव मागितला, असं नाव घेऊन कधी ऐकलं नाही. एकतर रीत कडक पाळली जात होती, नाहीतर पुरुष मरायला तयार व्हायचे पण मागायला जायचे नाहीत. मला दुसरंच खरं वाटायचं.

बायकांची जागा मांडवाच्या उजव्या कडेला होती. मी सतरंजीच्या टोकाला बसले, जिथून ह्यांचा खिसा दिसत होता. हे पहिल्या रांगेत, पाय जुळवून. स्टेजवर मयूरी आणि आणखी दोन मुली नारळांच्या ताटांपाशी उभ्या होत्या. मयूरीला खिशातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं मला बघून बोटानं खूण केली, पहिला नारळ माझा. म्हणजे पप्पांना मी देणार. वेणीत तिनं अबोली माळली होती.

भैरोबाच्या नावानं नारळ फुटला. गेल्या वर्षी वारलेल्यांची नावं झाली. हेडमास्तर बोलले, आणि त्यांचं बोलणं कधी नव्हे ते लवकर संपलं.

"तर मंडळी," जंगम सर म्हणाले, "दर वर्षीप्रमाणं पहिली हाक. सर्जेराव निकम, रामनाथपुरम!"

टाळ्या पडल्या. हे उठले. सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता. मयूरीनं नारळ उचलून दोन्ही हातांत धरला होता. ह्यांचा उजवा हात वर आला आणि खिशावर जाऊन थांबला. ओठ हलले.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पदर शेजारच्या काकूंच्या गुडघ्याखाली अडकला होता आणि मी तो ओढला.

"थांबा सर. ह्या साली आमच्या घरातनं मी बोलनार हाय."

सरांच्या हातातला माईक किंचाळला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वैनींची बॅच कुठली?"

"नववी नापास!" दुसऱ्यानं जोडून दिलं. मांडवभर हशा.

"नापास न्हाई," मी म्हणाले. "लगीन झालं."

हशा दुप्पट झाला. बायकाही हसल्या. पुढच्या खुर्चीतले एक पांढऱ्या मिशांचे आजोबा हात वर करून म्हणाले, "पोरी, बायकांनी बोलायची पद्धत न्हाई हितं."

"देनाऱ्यांची पद्धत तुमची हाय आबा," मी म्हणाले. "मी द्यायला न्हाई उठली. मागायला उठली. मागायला कुनाच्या दारात पुरुष गेलेला बगितलाय का तुमी? शेजारनं इस्तू आनायचा झाला तर बाईच जाती, खापर घिऊन."

हसू विरत गेलं. पुढं काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. ह्यांच्याकडं बघितलं असतं तर तोंडून शब्द फुटला नसता, म्हणून मी बजरंगच्या गळ्यातल्या साखळीकडं बघून बोलले.

"आमच्या घरची भट्टी गार झालीया. दिवाळीपासनं. मी विस्तव मागायला आलीया."

कुठंतरी लहान पोरानं यात्रेतली पिपाणी वाजवली आणि कुणीतरी ती त्याच्या तोंडातून ओढून काढली. मग काहीच नाही. मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडलं, त्याचाही आवाज मोठा वाटला. गावातल्या लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं, की हे शब्द दाराआड बोलायचे असतात. मी ते माईकशिवाय, साऱ्या हिंदुस्थानातल्या गलाईवाल्यांपुढं बोलले होते.

मग मी ह्यांच्याकडं बघितलं. हे माझ्याचकडं बघत होते. रागानं बघत असते तर बरं वाटलं असतं. नववीत एकदा मी झाडावरून पडले होते तेव्हा त्यांनी असंच बघितलं होतं, लागलं की नाही ते न विचारता. त्यांचा हात अजून खिशावरच होता. तसाच हात ठेवून ते खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं निघाले, सगळ्यांच्या समोरून, मान ताठ ठेवून, आणि मांडवाबाहेर गेले.

मयूरी नारळ धरून तशीच उभी. तिच्या तोंडाकडं बघवेना.

मी उभीच होते. बसायचं कसं तेच सुचत नव्हतं. सर माईक ह्या हातातून त्या हातात घेत होते. "हां... म्हणजे... सर्जेराव..." ते म्हणाले आणि थांबले. आता कुणीतरी उठणार, हळहळणार, भाषण करणार, 'आपल्या सर्जाभाऊवर वेळ आली' असं म्हणणार, आणि ते शब्द आमच्या घराला जन्मभर चिकटणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं. बजरंग शेठ उठला.

"पुढचं नाव घ्या, सर," तो म्हणाला.

"अं?"

"पुढचं नाव घ्या. ऊन चढतंय."

आणि खाली बसला. एवढंच.

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. सर गावचे असले तरी भट्टीचे नव्हते. मग त्यांनी घसा साफ केला. "तानाजी सूर्यवंशी, एर्नाकुलम."

तानाजी दर वर्षी एक मूल म्हणायचा. तो उठला, टोपी सारखी केली. "दोन मुलं."

"धोंडीराम शिंदे, कोलकाता."

"तीन." धोंडीरामची कायम दोन.

त्यानंतरचाही एक वाढवून बोलला. त्यानंतरचाही. काहीजण नेहमीचंच बोलले. पण कुणी म्हणजे कुणी माझ्याकडं बघितलं नाही. मी खाली बसले तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या पदराची धूळ झटकली आणि पुन्हा समोर बघायला लागल्या. त्या दिवशी त्या गर्दीनं न बघता मला जितकं बघितलं, तितकं जन्मात कुणी बघितलं नसेल.

बजरंगची हाक झाली. "चार मुलं," तो म्हणाला. नेहमीचीच चार.

"बघ, मेला," काकू पुटपुटल्या. "तुझ्या भाकरी खाऊन वाढला."



चिवड्याला मी थांबले नाही. मयूरी मागून पळत आली, हातात तो नारळ. तिचे डोळे लाल होते, पण रडून झालेलं होतं.

"आई, कराडचे पैसे पप्पांकडं होते?"

"तुला कुनी सांगितलं?"

"खिसा दिसत होता." थोडं चालून ती म्हणाली, "मला नाही गेलं तरी चालेल."

"मला चालनार न्हाई," मी म्हणाले. "आन् पुन्हा असं बोललीस तर त्याच नारळानं डोकं फोडीन."

घराचं दार उघडं होतं. हे गोठ्यात होते, परीटघडीच्या शर्टात, म्हशीला पेंड चारत. त्यांनी त्या म्हशीला पूर्वी कधी पेंड चारलेली नव्हती. म्हैससुद्धा संशयानं खात होती. मी आत जाऊन कणगीत हात घातला. डबा जागेवर होता. उघडून बघितला, पैसे आत होते. मोजले नाहीत.

परत येऊन मी गोठ्याच्या चौकटीला टेकून उभी राहिले. किती वेळ कोण जाणे. म्हशीनं घमेलं चाटून पुसून ठेवलं तरी हे वळले नाहीत.

"मिळाला?" त्यांनी विचारलं.

"मिळाला."

"कुनी दिला?"

"सांगायचं नसतं," मी म्हणाले. "तुम्हीच सांगितलंय."

त्यांनी मान हलवली. आमच्या घरात मान हलवणं म्हणजे काय, ते मी सांगितलंच आहे. पण त्यानंतर ते माझ्याशी जवळजवळ महिनाभर बोलले नाहीत. जेवायला वाढलं की जेवायचे, मीठ हवं असलं तर मयूरीकडं मागायचे. नारळ उंबऱ्याशेजारी पडून होता. त्याला हात लावायचा कुणालाच धीर होईना. शेवटी मी त्याची चटणी केली. खाल्ली सगळ्यांनी.

जंगम सर एकदा दारात येऊन मयूरीला फार्मसीचा कागद देऊन गेले. "एका मुलाची सोय झाली आहे," एवढंच म्हणाले, जणू ते मूल शेजारच्या गल्लीत राहतं. हे ओसरीवर बसले होते, त्यांच्या समोरूनच बोलले. मग कालिकतहून फोन आला. बजरंग म्हणाला, "भाऊ, नवी पोरं मूस फोडत्यात. भट्टीवर जुना हात पायजे. तुमी येऊन नुसतं बसा." वितळलेलं सोनं धरणारं मातीचं भांडं म्हणजे मूस. पोरं ते फोडतातच, कुठल्याही दुकानात, कुठल्याही वर्षी. हे सगळं जाणणारा माणूस फोन कानाला धरून एवढंच म्हणाला, "बगतो." पुढच्या आठवड्यात गेले. जाताना मला म्हणाले, "म्हशीला पेंड जास्त लागतीया." महिन्यानं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मयूरी पुण्यात औषधाच्या कंपनीत आहे. आता मेळाव्यात बायकांचीही हाक होते. नववीत सुटलेल्यांचं नावही आता घालतात. मीच भांडून घालून घेतलं. परवाच्या यात्रेला मयूरी आली होती. जंगम सर आता नाहीत, एक तरणा मास्तर माईकवर होता. "मयूरी निकम, पुणे!" ती उठली. "एक मूल," म्हणाली, आणि बसली. नारळ घेऊन आलेली मुलगी तिच्याकडं बघून हसली.

आम्ही दोघं मांडवाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. ह्यांना आता खरोखर धूर बाधलाय, दोन पावलं चाललं की थांबतात. टाळ्या संपल्यावर ते समोर बघतच म्हणाले,

"त्या साली मी काय बोलायला उठलो हुतो, ते तू कधी इचारलं न्हाईस."

"त्यात काय इचारायचं? दोन मुलं म्हननार हुतात. हात खिशावर हुता, मी बगितला की."

"हात खिशावर हुता," ते म्हणाले. "घरातनं निघताना द्यायचंच हुतं मनात. उठलो, आन् ती नारळ धरून समोर उभी दिसली. मग हात ठेवला तो काढायला न्हवं. दाबून धरायला."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते मांडवाच्या कापडाकडं बघत होते.

"मग उठून बोलनार काय हुतात?"

"तेच आठवंना बग. शबुद सापडंना. तवर तू उठलीस."

जन्मभर कसोटीच्या दगडावर दुसऱ्यांचं सोनं घासून खरं-खोटं सांगणारा माणूस. त्याची बायको असून मी हे एक वाक्य आजवर घासून बघितलेलं नाही.

"चल की सर्जा," मी म्हणाले, "ऊन चढतंय."